आरोग्य हा नशिबाचा खेळ नव्हे

आरोग्यासारखे धन नाही, असे आपले वाडवडील सांगत असत. परंतु हे धन सर्वांना सारखे मिळते काय? स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराचे उदाहरण घ्या. तेथील काल्टन या गरीब वस्तीत पुरुषांचे सरासरी आयुर्मान ५४ वर्षे, तर काही मैलांवरील सुखवस्तू लेन्झी गावात ८२ वर्षे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या एका आयोगाने २००८ साली जगापुढे मांडले. सरकार एकच, दवाखाने दोघांनाही मोफत. तरी २८ वर्षांचा फरक!

या आयोगाचे अध्यक्ष होते सर मायकेल मार्मट. १९४५ साली लंडनमध्ये जन्मलेले मार्मट सिडनीला वैद्यकी शिकले. एकाला रोग जडतो व दुसऱ्याला का जडत नाही, या प्रश्नाला त्यांनी आपले आयुष्य वाहिले. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या जपानी लोकांत, ज्यांनी आपल्या चालीरीती व आपसांतील नाती जपली होती त्यांना हृदयविकार कमी होता, असे त्यांना आढळले. आपले पूर्वजही समुद्र ओलांडूनच या बेटावर आले, हे येथे आठवावे.

पुढे त्यांनी लंडनच्या सरकारी नोकरांच्या मोठ्या पाहणीवर काम केले. ही पाहणी १९६७ साली सुरू झाली होती. नोकरीची पायरी जितकी खालची, तितके मृत्यूचे प्रमाण अधिक. हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत खालच्या पायरीवर वरच्यापेक्षा तिपटीहून जास्त होते. धूम्रपान व रक्तदाब यांचा हिशेब धरूनही फरकाचा मोठा भाग उरलाच. म्हणजे प्रश्न केवळ अत्यंत गरिबांचा नाही. मधल्या पायरीवरच्या तुमच्या-आमच्यासारख्यांचाही आहे.

इंग्लंडसाठी २०१० साली लिहिलेल्या अहवालात मार्मट यांची पहिली शिफारस औषधांची नव्हती. प्रत्येक बालकाच्या आयुष्याची सुरुवात चांगली व्हावी, ही होती. कॉव्हेंट्री शहराने २०१३ पासून नगरपालिका, पोलीस, अग्निशामक दल अशा सर्वांना या कामाला जोडले. परंतु २०२० च्या अहवालात त्यांना लिहावे लागले की, लंडनबाहेरच्या सर्वांत गरीब वस्त्यांतील स्त्रियांचे आयुर्मान उलट घटले आहे. कारण ठाऊक असूनही काम अर्धवट राहिले, तर असे होते.

कोणी आजारी पडला की “खाण्यापिण्याचे पथ्य पाळले नाही, भोगतो आहे” असे आपण सहज बोलून जातो. पथ्य पाळावे, यात शंका नाही. पण ओल आलेले घर, तुटपुंजी मजुरी आणि अर्ध्यावर सुटलेली शाळा ज्याच्या वाट्याला आली, त्याला पथ्य सांगून काय उपयोग? आम्ही शिक्षकांनीही, वर्गात पेंगणाऱ्या मुलाला आळशी म्हणण्यापूर्वी, ते सकाळी काय खाऊन आले हे विचारावे. आपल्या बैठकांनी व मंडळांनी उत्सवाइतकीच काळजी शेजारच्या वस्तीतील मुलांची वाहिली, तर तेही आरोग्याचेच कार्य होईल.