एकत्र वाचू या 'सत्तावन्न'

पुस्तके घरात असणे आणि पुस्तके माणसांत असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्या कार्यकर्त्यांच्या घरी स्वातंत्र्यवीर सावरकरांची तसबीर असते, कपाटात त्यांचे ग्रंथही असतात. २८ मे रोजी भाषणे होतात, दोन-चार ठरलेली वाक्ये उद्धृत केली जातात आणि कपाट पुन्हा बंद होते. ज्याचे नाव आपण सर्वाधिक घेतो, त्याचे लेखन आपण सर्वांत कमी वाचावे, ही स्थिती भूषणावह नाही. विरोधक सावरकरांना न वाचता त्यांच्यावर टीका करतात, अशी आपली तक्रार असते. ती खरीही आहे. पण न वाचता केलेली टीका आणि न वाचता केलेला जयजयकार यांत ज्ञानाच्या दृष्टीने अंतर ते किती?

म्हणूनच जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांतील कार्यकर्त्यांपुढे व कुटुंबांपुढे आम्ही एक साधा विचार ठेवू इच्छितो. '१८५७ चे स्वातंत्र्यसमर' हा ग्रंथ एकत्र बसून, मोठ्याने, प्रारंभापासून अखेरपर्यंत वाचावा.

हाच ग्रंथ का, याचे उत्तर त्याच्या जन्मकथेतच आहे. लंडनमध्ये कायद्याचे शिक्षण घेत असलेल्या, पंचविशीही न ओलांडलेल्या सावरकरांनी तो मराठीत लिहिला. त्यासाठी त्यांनी इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयातील इंग्रजांचीच कागदपत्रे आणि इंग्रज इतिहासकारांचेच ग्रंथ धुंडाळले. ग्रंथ छापला जाण्यापूर्वीच त्याची काही प्रकरणे 'फ्री इंडिया सोसायटी'च्या सभांतून वाचली जात होती. म्हणजे हा ग्रंथ मुद्रित होण्याआधी श्रवणात आला. त्याचे पहिले वाचक हे खरे तर श्रोते होते. १९०९ साली, प्रसिद्ध होण्याच्या आतच, सरकारने त्यावर बंदी घातली. तरीही हॉलंडमध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद छापला गेला आणि खोट्या वेष्टनांखाली प्रती हिंदुस्थानात पोहोचल्या. मूळ मराठी हस्तलिखित परदेशात जपले गेले ते मॅडम कामा आणि डॉ. कुटिन्हो यांच्या निष्ठेमुळे. मायदेशी ते स्वातंत्र्यानंतरच परतले. बंदी उठली ती १९४६ साली. ज्या पुस्तकाची प्रत बाळगणे हा गुन्हा होता, ते आज कोणत्याही बऱ्या ग्रंथालयात मिळते. आणि आज त्याच्यावर धूळ आहे!

एकत्र वाचन ही कल्पना आपल्या भागाला परकी नाही. गावोगावच्या हरिनाम सप्ताहांत ज्ञानेश्वरीच्या पारायणाला शेकडो माणसे पहाटे बसतात. ओतूरला बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले, त्या रेड्याची समाधी आळ्याला आहे. ज्ञान ही कोणा एकाची मिरासदारी नव्हे, असे सांगणाऱ्या या भूमीला 'मला कळणार नाही' हा संकोच शोभत नाही. मात्र पारायण आणि अभ्यास यांतील भेद ध्यानी ठेवला पाहिजे. पारायणात श्रद्धेने ऐकायचे असते. अभ्यासात ऐकून विचारायचेही असते.

आणि या ग्रंथाला विचारण्यासारखे पुष्कळ आहे. सत्तावन्नच्या मुळाशी 'स्वधर्म' आणि 'स्वराज्य' ही दोन तत्त्वे होती, हा सावरकरांचा मुख्य सिद्धान्त. पण १९५७ साली रमेशचंद्र मजुमदारांसारख्या इतिहासकाराने, ज्यांच्या राष्ट्रनिष्ठेविषयी कोणी शंका घेणार नाही, या उठावाला स्वातंत्र्ययुद्ध म्हणण्यास नकार दिला. त्यांचे आक्षेप कोणते आणि त्यांना उत्तर काय? या ग्रंथात हिंदू आणि मुसलमान खांद्याला खांदा लावून लढल्याचे वर्णन मुक्तकंठाने केलेले आहे. १९२३ च्या 'हिंदुत्व' ग्रंथातील मांडणी निराळी आहे. हा प्रवास कसा घडला? हे प्रश्न आपल्या बैठकीत उपस्थित झाले तर कार्यकर्त्याने अस्वस्थ होण्याचे कारण नाही. ते आपण स्वतःच विचारले नाहीत, तर महाविद्यालयात जाणारी आपली मुले ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकतील, आणि त्या वेळी आपल्यापाशी घोषणेखेरीज काही नसेल.

दुसरे असे की, वाचताना आपली भूमी विसरू नये. शिवनेरीच्या पायथ्याशी बसून 'स्वराज्य' हा शब्द उच्चारताना तो १८५७ मध्ये जन्मलेला नाही, हे सांगावे लागत नाही. राघोजी भांगरे यांच्या नेतृत्वाखाली सह्याद्रीच्या याच डोंगरपट्ट्यात महादेव कोळी समाजाने इंग्रजांशी झुंज दिली. राघोजींना १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले, म्हणजे मीरतच्या उद्रेकाआधी नऊ वर्षे. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे हुतात्मा बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे आडवे झाले. ते काँग्रेसचे स्वयंसेवक होते आणि त्यांचा मार्ग सावरकरांहून भिन्न होता. मार्ग भिन्न, पण देशासाठी देह ठेवण्याची तयारी तीच. हे दोन धागे त्या ग्रंथाशी कसे जुळतात, हे लंडन किंवा पुण्याचा विद्वान सांगणार नाही. ते इथल्या बैठकीलाच शोधावे लागेल.

योजना अवघड नाही. जुन्नर, ओतूर, नारायणगाव, घोडेगाव, मंचर अशा गावांत दहा-पंधरा जणांनी आठवड्यातून एकदा, शेतीची व बाजाराची कामे आटोपल्यावर, दीड तास बसावे. तासभर वाचन, अर्धा तास चर्चा. वाचणारा दर वेळी निराळा असावा. त्यात भगिनी असाव्यात, विद्यार्थी असावेत, डोंगरपट्ट्यातील बांधवांना आग्रहाने बोलवावे. दर बैठकीत एकाकडे केवळ आक्षेप मांडण्याचे काम सोपवावे. जोडीला १९०७ साली प्रसिद्ध झालेला, वरसईच्या गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' ठेवावा. दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे गेलेल्या या भिक्षुकाने झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहिला. एकाचे इतिहासदर्शन आणि दुसऱ्याचे प्रत्यक्षदर्शन यांच्या तुलनेतून जे कळेल, ते दहा बौद्धिकांतून कळणार नाही. भिन्न मताचा शेजारी येऊ इच्छित असेल तर त्याला पहिल्या रांगेत बसवावे. आपला विचार त्याच्यासमोर टिकला, तरच तो टिकला म्हणायचा.

कोणी म्हणेल, संघटनेची एवढी कामे असताना हे वाचन कशाला? ज्या तरुणांनी लंडनमध्ये या ग्रंथाची प्रकरणे ऐकली, त्यांच्यावर गुप्तहेरांची पाळत होती. तरीही त्यांना वेळ होता. आपल्यावर पाळत नाही, बंदी नाही. आपल्या आड येते ते केवळ आपले आळस्य.

१० मे १८५७ हा दिवस रविवार होता. येत्या कोणत्याही रविवारी आरंभ करता येईल. तसबिरीला हार घालण्यापूर्वी कपाट उघडावे, एवढीच विनंती.