आधी बोलायचे कोणी?

दिवाळीच्या पहाटे अवघी डोंबिवली फडके रोडवर लोटते. पण गळतीवरून नाहीतर पार्किंगवरून बिनसलेली एकाच मजल्यावरची दोन घरे त्याही दिवशी जिन्यात एकमेकांना टाळतात. फराळाचे ताट त्या दारावरून पुढे जाते. भांडणातला राग केव्हाच ओसरलेला असतो. अडते ते आधी बोलायचे कोणी यावर. यंदाचा दिवाळी अंक ‘क्षमा’ या विषयावर काढायचे ठरले, तेव्हा मला रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाईंचा संसार आठवला.

10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पत्नीला विश्वासात न घेता. लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई नातलगांच्या आधाराने राहिल्या. तो काळ त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात वाचताना आजही गलबलून येते. जोडीदाराने धर्मांतरापायी साथ सोडली, तर नवख्रिस्ती माणसाला काडीमोड मिळण्याची सोय 1866 च्या कायद्यात होती. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते थांबले. पुढे दोघे एकत्र आले तरी बाईंचे सोवळे सुटले नव्हते, आणि टिळकांनी ते राहू दिले. जातिभेद माणसांनीच केलेला आहे, हे बाईंना त्यांच्या स्वतःच्या विचाराने पटले. 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

नवऱ्याचा संताप, त्याचे न सांगता निघून जाणे, यातले काहीही बाईंनी झाकले नाही. म्हणूनच क्षमेविषयी इतके सच्चे पुस्तक मला मराठीत दुसरे दिसत नाही. 1919 मध्ये टिळक गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य साडेदहा अध्यायांवर थांबले होते. पुढचे 64 अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले.

आधी पाऊल कोणी टाकायचे, हे मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू सांगतो: वेदीपाशी अर्पण नेले असताना, आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी सल आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवावे आणि आधी समेट करून यावे. हळहळ घरबसल्या करता येते. इथे पूजा अर्धी टाकून दुसऱ्याच्या दारी जायला सांगितले आहे. कॅथलिक माणूस फादरांपुढे पापनिवेदन करतो, तेव्हा त्यालाही आपली चूक स्वतःच्या तोंडाने उच्चारावी लागते. नम्रतेची खरी कसोटी मला इथे दिसते.

आपल्याकडे मात्र उपदेश दुखावलेल्यालाच होतो. ‘जाऊ दे, माफ करून टाक’ हे घरातल्या बाईला तर उठताबसता ऐकवले जाते. हा तिच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे. लक्ष्मीबाईंना पाच वर्षे लागली. ती त्यांच्या हक्काची होती.

या अंकासाठी म्हणूनच आम्ही लेखकांकडे क्षमा करणाऱ्यांच्या नव्हे, तर क्षमा मागायला निघालेल्यांच्या कथा मागितल्या. काहीजण दारापर्यंत जाऊन परतले आहेत, काहींसाठी दार उघडलेले नाही. त्याही कथा आम्ही छापल्या आहेत.