घरची दुरुस्ती : जुन्या जीपचे ब्रेक

अब्बांच्या काळातली जीप पुन्हा चालू करायची म्हटले की हात आधी इंजिनाकडे जातो. सुरुवात ब्रेकपासून करा. इंजिन बंद पडले तर गाडी जागीच उभी राहते. ब्रेकचे तसे नाही. जुन्या विलीज जीपमध्ये एकच मास्टर सिलिंडर चारही चाकांना ब्रेक ऑइल पुरवतो. एका चाकाशी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक जातात.

गाडी सपाट जागी लावून जमिनीवरच्या चाकांना दगड लावा. जॅकने उचलल्यावर ती लोखंडी स्टँडवर टेकवल्याशिवाय खाली कोणी शिरू नये. मुलांना दूर ठेवा.

ड्रम उघडल्यावर धूळ फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसून घ्या. व्हील सिलिंडरपाशी ओल दिसली तर चारही चाकांचे रबर कप बदला.

डबीत फक्त ब्रेक ऑइलच घाला. इंजिन ऑइल किंवा रॉकेल गेले तर रबर फुगते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदला.

नंतर सर्वांत लांबच्या चाकापासून हवा काढा. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल सैल करून पुन्हा कसावे. ते कसल्यावरच पेडल सोडावे.

शेवटी पेडल मिनिटभर दाबून पाहा. स्पंजासारखे लागले तर हवा उरली आहे. हळूहळू खाली गेले तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर झिजला आहे. घरच्यांना गाडीत बसवण्याआधी जाणत्या मेकॅनिकला एकदा दाखवा.

पुढच्या अंकात क्लच.