विश्लेषण : मॅनेजर आणि म्युझिक लेबल एकच असेल, तर कलाकाराच्या बाजूने कोण?

क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ हे मराठी गाणे २०२४ मध्ये रील्समधून घराघरांत पोहोचले. ते प्रकाशित केले नेदरलँड्सच्या ‘स्पिनिन रेकॉर्ड्स’ने. मराठी गाण्याला एवढे मोठे लेबल मिळाले, याचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. मात्र याच लेबलच्या इतिहासात २०१५ साली एक वाद झाला होता. त्याचा ‘तांबडी चामडी’शी काहीही संबंध नाही. तरीही घरातल्या एका खोलीत, लॅपटॉपवर गाणी तयार करणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींनी तो समजून घ्यायला हवा.

मॅनेजर काय करतो, लेबल काय करते?

मॅनेजर हा कलाकाराचा माणूस. कार्यक्रम मिळवणे, मानधन ठरवणे, कोणत्या लेबलकडे जायचे याचा सल्ला देणे हे त्याचे काम. त्याबदल्यात तो कलाकाराच्या मिळकतीतून साधारण १५ ते २० टक्के कमिशन घेतो. लेबल हा व्यवहारातील दुसरा पक्ष. ते ध्वनिमुद्रण, व्हिडीओ, प्रसिद्धी यांवर पैसे लावते आणि मोबदल्यात ‘मास्टर’चे, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचे हक्क काही वर्षांसाठी किंवा कायमचे मागते. लेबल आगाऊ पैसेही देते, पण ते बक्षीस नसते. ऊसतोड मजूर मुकादमाकडून घेतो तशी ती उचल असते. गाण्याच्या कमाईतील कलाकाराच्या वाट्यातून ती वळती होत राहते आणि फिटेपर्यंत हातात फारसे काही पडत नाही.

थोडक्यात, लेबलशी घासाघीस करणे हे मॅनेजरचे काम. दोघे एकच असतील, तर ही घासाघीस होणार कोणाशी?

मग कंपन्या दोन्ही कामे का करतात?

दरवेळी लबाडी म्हणून नव्हे. स्वतंत्र संगीतात पैसा कमी असतो. नव्या गायकाला मोठे लेबल विचारत नाही, तेव्हा त्याचा मॅनेजरच पदरचे पैसे घालून गाणे काढतो. तीन-चार कलाकार झाले की त्याचेच लेबल होते. दिल्लीचे ‘आझादी रेकॉर्ड्स’, रॅपर डिव्हाइन यांची मुंबईची ‘गली गँग’ अशा छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या नसत्या, तर भारतातले स्वतंत्र हिप-हॉप इतके वाढले नसते. कंपनीला गाण्याचा, कार्यक्रमाचा, टी-शर्टचा असा सगळीकडचा हिस्सा मिळतो, म्हणून ती कलाकारासाठी जीव तोडून काम करते. अडचण येते ती गाणे चालल्यावर.

स्पिनिनचा वाद काय होता?

मार्टिन गॅरिक्स या डच डीजेने २०१२ मध्ये करार केले, तेव्हा तो १६ वर्षांचा होता. एक करार स्पिनिनशी, दुसरा ‘म्युझिक ऑलस्टार्स’ या व्यवस्थापन कंपनीशी. दोन्हींच्या मागे एकच व्यक्ती होती. २०१३ मध्ये त्याचे ‘अ‍ॅनिमल्स’ जगभर गाजले. २०१५ मध्ये त्याने दोन्ही करार मोडले. मास्टरची मालकी हा वादाचा मुद्दा होता. मॅनेजर आणि लेबल एकाच हातात असल्याने आपल्याला आपल्या हिताचा सल्ला मिळाला नाही, असे त्याचे म्हणणे होते. कंपन्यांनी ते नाकारले. २०१७ मध्ये डच न्यायालयाने करार मोडण्याचा त्याचा निर्णय योग्य ठरवला. वाद तिथे संपला नाही, अपिले झाली. पण गॅरिक्सकडे तोवर महागडे वकील नेमण्याइतके पैसे होते. आपल्या तालुक्याच्या गावातल्या रॅपरकडे ते नसतात.

भारतीय कायदा काय म्हणतो?

बऱ्याच कलाकारांना ठाऊक नसलेली गोष्ट ही की, ज्याच्या पुढाकाराने आणि जबाबदारीवर ध्वनिमुद्रण होते, तो कायद्याने ‘निर्माता’, आणि निर्माता हाच त्या ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक. म्हणजे स्वतःच्या माईकवर, स्वतःच्या खर्चाने गाणे केले असेल, तर सही करेपर्यंत मास्टर तुमचेच. ही मालकी ६० वर्षे टिकते.

हक्क दुसऱ्याला द्यायचे तर सहीनिशी लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल, तर फक्त भारत. त्यामुळे कंपन्यांच्या मसुद्यात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द हमखास असतात. नजर आधी तिथे जायला हवी.

२०१२च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकारांना समान वाट्याच्या रॉयल्टीचा हक्क दिला आणि तो कंपनीला लिहून देता येत नाही. हे संरक्षण मोठे आहे, पण शब्द आणि चालीपुरते. मास्टर त्यात येत नाही.

सही करण्यापूर्वी काय पाहावे?

एकाच कंपनीकडे दोन्ही कामे द्यायला हरकत नाही, पण करार दोन हवेत. एक संपला तरी दुसरा आपोआप वाढू नये. कंपनी लेबल म्हणून स्वतःचा हिस्सा घेते, त्याच गाण्याच्या उरलेल्या पैशांवर पुन्हा मॅनेजर म्हणून कमिशन घेणे म्हणजे एका म्हशीचे दोनदा दूध काढणे. ते कलम खोडायला सांगावे. आणि मसुदा वाचणारा वकील मॅनेजरने सुचवलेला नसावा, भले तो फुकट असो.

आणखी एक कलम सहसा कोणी मागत नाही. स्वतंत्र लेबल कायम स्वतंत्र राहते असे नाही. स्पिनिन २०१७ मध्येच वॉर्नर म्युझिकने विकत घेतले. टेलर स्विफ्टच्या पहिल्या सहा अल्बमचे मास्टर २०१९ मध्ये लेबलसकट दुसऱ्याच एका मॅनेजरच्या कंपनीकडे गेले. तिने त्यातील चार अल्बम नव्याने गाऊन काढले आणि मूळ मास्टर तिला परत विकत घेता आले ते २०२५ मध्ये. कंपनी किंवा तिची गाणी विकायची झाल्यास मास्टर आधी कलाकाराला देऊ करावे, ही अट पहिल्याच करारात मागता येते. तेव्हा गाण्याची किंमत कमी असते, म्हणून कंपनी ती मान्य करण्याची शक्यताही जास्त असते.