चार स्वातंत्र्ये आणि नगरचा किल्ला

फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे नाव निघाले की आपल्यातीलही काही साथी भारावून जातात. मंदीने मोडून पडलेल्या अमेरिकेत त्यांनी १९३५ साली वृद्धांना निवृत्तिवेतनाचा व कामगारांना संघटनेचा हक्क कायद्याने दिला. फॅसिझमविरुद्धच्या युद्धात देशाचे नेतृत्व केले. हे कर्तृत्व आम्ही नाकारीत नाही. आमचा प्रश्न एवढाच, की या सुधारणांच्या वेशीबाहेर कोण राहिले?

जानेवारी १९४१ मध्ये रूझवेल्ट यांनी चार स्वातंत्र्यांचा उद्घोष केला. ऑगस्टमधील अटलांटिक सनदेने आपले सरकार निवडण्याचा हक्क सर्व जनतेला मान्य केला. ती हिंदुस्थानला लागू नाही, असे चर्चिल यांनी पुढच्याच महिन्यात पार्लमेंटात बजावले. ती साऱ्या जगासाठी आहे, असे रूझवेल्ट यांनी फेब्रुवारी १९४२ मध्ये सांगितले. या शब्दाची कसोटी आपल्या जिल्ह्यात लागली. ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरू, आझाद, पटेल आणि आचार्य नरेंद्र देव यांना खटल्याविना नगरच्या भुईकोट किल्ल्यात डांबण्यात आले. रूझवेल्ट यांनी चर्चिल यांच्याकडे हिंदुस्थानचा प्रश्न खासगीत काढला होता. पण दोस्ताला दुखवण्याची त्यांची तयारी नव्हती. एप्रिल १९४५ मध्ये ते निवर्तले, तेव्हाही नेहरू कैदेतच होते.

युद्ध जिंकणे आधी आवश्यक होते, असे कोणी म्हणेल. मग १९३५ सालचे काय? तेव्हा युद्ध नव्हते. तरीही निवृत्तिवेतनाच्या कायद्यातून शेतमजूर व घरकामगार वगळले गेले. त्यांत कृष्णवर्णीयांचा भरणा मोठा होता आणि अध्यक्षांची भिस्त दक्षिणेतील गोऱ्या प्रतिनिधींच्या मतांवर होती. ज्या फेब्रुवारीत सनद जगाची ठरली, त्याच महिन्यातील हुकुमाने एक लाखाहून अधिक जपानी वंशाचे लोक छावण्यांत कोंडले गेले. सत्तेला ज्यांची गरज नव्हती, ते दरवेळी वगळले गेले.

हा दोष एका अध्यक्षाचा नव्हे. सहकारी साखर कारखानदारीचा अभिमान मिरवणाऱ्या याच जिल्ह्यात, पाथर्डीहून कोयता घेऊन निघणाऱ्या बहुतेक ऊसतोड मजुरांना कारखान्यातील कायम कामगाराची भविष्यनिर्वाह निधीची सुरक्षा आजही लाभत नाही. तेव्हा पुढाऱ्याची थोरवी त्याच्या घोषणांवरून ठरवू नका. त्याने कोणाला वगळले ते विचारा, आणि वगळलेल्यांची संघटना बांधा. हक्क कोणाच्या औदार्यातून मिळत नाहीत.