परदेशी फौजा गेल्या की सरकार कोसळतंच का? एकाच काबूलची दोन उत्तरं

15 ऑगस्ट 2021. आपल्याकडे झेंडावंदनाचे फोटो स्टेटसला टाकून झाले होते आणि संध्याकाळपर्यंत काबूलची बातमी आली. राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी देश सोडून गेले, तालिबानचे लोक त्यांच्या प्रासादात जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी धावपट्टीवर विमानामागे पळणाऱ्या माणसांचा व्हिडिओ प्रत्येकाच्या फोनवर होता. अमेरिकेचा शेवटचा सैनिक तेव्हा अजून निघालाही नव्हता. तो निघाला 30 ऑगस्टच्या रात्री. म्हणजे फौजा पूर्ण जाण्याआधीच सरकार गेलं.

तेव्हापासून एक समज पक्का झाला आहे. परक्या बंदुकीच्या आधारावर उभं असलेलं सरकार, ती बंदूक गेली की पडणारच. माझ्या मते हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं काबूलच्याच इतिहासात आहे.

नजीबुल्ला तीन वर्षं कसे टिकले?

15 फेब्रुवारी 1989 रोजी सोव्हिएत जनरल बोरिस ग्रोमोव्ह अमू दर्या नदीवरचा पूल चालत ओलांडून परत गेले. नऊ वर्षांचं युद्ध आणि जवळपास 15 हजार सोव्हिएत सैनिकांचे मृत्यू मागे ठेवून लाल सेना निघाली. मागे राहिले राष्ट्राध्यक्ष नजीबुल्ला. हे सरकार काही महिनेच काढेल, असा पाश्चात्त्य जाणकारांचा सर्वसाधारण अंदाज होता.

मार्चमध्ये मुजाहिदीनांनी पाकिस्तानच्या पाठबळावर जलालाबादवर मोठा हल्ला केला. शहर पडलं नाही. पुढच्या वर्षी खुद्द संरक्षणमंत्री शाहनवाज तनाई यांनी बंड केलं, तेही फसलं. सरकार एप्रिल 1992 पर्यंत टिकलं. सोव्हिएत संघ डिसेंबर 1991 मध्ये संपला होता. पाठीराखा आधी गेला आणि ज्याला टेकू दिला होता तो नंतर.

याची दोन कारणं मला महत्त्वाची वाटतात. पहिलं सरळ आहे. सैन्य गेलं तरी रसद थांबली नाही. डिझेल, पीठ, दारूगोळा, स्कड क्षेपणास्त्रं येतच राहिली. याच पैशांतून नजीबुल्ला यांनी अब्दुल रशीद दोस्तम यांच्यासारखे टोळीप्रमुख आपल्या बाजूला बांधून ठेवले.

दुसऱ्या कारणाची चर्चा कमी होते. जलालाबादच्या लढाईच्या सुमारास शरण आलेल्या सरकारी सैनिकांना मुजाहिदीनांच्या काही गटांनी ठार मारलं. ही बातमी खंदकांमध्ये पोहोचली. शरण गेलो तरी मरणारच असू, तर लढलेलं बरं, असा हिशेब त्या सैनिकांनी केला. सरकारवर प्रेम होतं म्हणून ते लढले असं समजायचं कारण नाही. नजीबुल्ला हे ‘खाद’ या कुख्यात गुप्तचर यंत्रणेचे माजी प्रमुख. त्यांचे तुरुंग लोकांना चांगलेच माहीत होते. टिकणारं सरकार भलंच असतं, असं मी म्हणत नाही.

मग ते पडलं कधी? सप्टेंबर 1991 मध्ये अमेरिका आणि मॉस्को यांनी दोन्ही बाजूंची शस्त्रमदत 1 जानेवारी 1992 पासून बंद करायचं ठरवलं. नळ बंद झाला. इंधनाविना विमानं उभी राहिली, पैसा आटला आणि दोस्तम यांनी बाजू बदलली. एप्रिलमध्ये नजीबुल्ला भारतात येण्यासाठी निघाले, पण त्यांना काबूल विमानतळावरच अडवण्यात आलं. त्यानंतर ते चार वर्षांहून अधिक काळ संयुक्त राष्ट्रांच्या आवारात आसऱ्याला राहिले. सप्टेंबर 1996 मध्ये काबूलमध्ये शिरलेल्या तालिबाननं त्यांना तिथून ओढून काढून मारलं.

2021 मध्ये वेगळं काय घडलं?

इथे माझ्यातला मेकॅनिकल इंजिनीअर जागा होतो. आमच्या कॉलेजात एक महागडं सीएनसी मशीन होतं. एएमसी संपली, कंपनीचा माणूस यायचा बंद झाला आणि पुढची दोन वर्षं आम्ही त्या मशीनची फक्त आकृती काढली. यंत्र घेणं आणि यंत्र चालतं ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे मला तिथे समजलं.

अफगाण हवाई दलाचं नेमकं हेच झालं. अफगाण मेकॅनिकना रशियन बनावटीच्या एमआय-17 हेलिकॉप्टरची सवय होती, बरीचशी दुरुस्ती ते स्वतः करायचे. अमेरिकेनं त्यांच्या जागी ब्लॅक हॉक आणायला सुरुवात केली. त्यांची देखभाल जवळजवळ पूर्णपणे परदेशी कंत्राटदारांकडे होती. बायडेन यांनी एप्रिल 2021 मध्ये माघार जाहीर केली तेव्हा सैनिक होते सुमारे अडीच हजार, पण कंत्राटदार होते 16 हजारांहून जास्त. बातम्यांचं लक्ष सैनिकांच्या आकड्यावर राहिलं आणि त्यांच्याबरोबर कंत्राटदारही निघाले. कंत्राटदार नसतील तर ही विमानं काही महिन्यांपलीकडे उडणार नाहीत, असा इशारा अमेरिकेच्याच देखरेख यंत्रणेनं दिला होता. शेवटी अफगाण मेकॅनिक व्हिडिओ कॉलवर परदेशातल्या तंत्रज्ञाला विचारून हेलिकॉप्टर दुरुस्त करू लागले. डोंगरातल्या चौकीवर पाणी, गोळ्या, जखमींना न्यायची सोय, सगळं हवेतूनच येणार होतं. ते थांबलं की चौकी एकटी पडते.

पैशाचीही तीच गत. घनी सरकारच्या खर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग परदेशी मदतीतून यायचा. कागदावर तीन लाख जवान आणि पोलीस होते, पण त्यातली कित्येक नावं नुसती पगारपत्रकावर होती. मधले अधिकारी ते पगार खात होते.

तरीही भ्रष्टाचार हे एकच कारण सांगून भागत नाही. भ्रष्ट तर नजीबुल्ला यांचं सरकारही होतं. खरा घाव, माझ्या मते, 29 फेब्रुवारी 2020 ला दोह्यात बसला. अमेरिकेनं करार केला तालिबानशी. काबूलचं सरकार त्यात पक्षकारच नव्हतं. वर त्या सरकारनं पाच हजार तालिबानी कैदी सोडावेत, असंही त्याच करारात लिहिलं गेलं. ज्या सरकारला त्याचा पोशिंदाच चर्चेला बसवत नाही, त्याच्यासाठी चौकीवरच्या शिपायानं का मरावं? 1989 च्या मुजाहिदीनांपेक्षा तालिबान हुशार निघाले. गावातल्या ज्येष्ठांना मध्ये घालून त्यांनी निरोप धाडले, शस्त्रं ठेवा आणि घरी जा. कुठे वाटखर्चही दिला. या वेळी शिपायापुढे घरी जाण्याचा पर्याय होता. 6 ऑगस्टला झरंज ही पहिली प्रांतीय राजधानी पडली आणि नवव्या दिवशी काबूल.

त्याची किंमत सर्वांत जास्त कोणी मोजली, हे आपल्याला माहीत आहे. तिथल्या मुलींची शाळा आजही सहावीनंतर बंद आहे.

भारतानंही हे केलं आहे

महासत्तांना नावं ठेवताना आपण श्रीलंका विसरतो. 1987 मध्ये भारताची शांतिसेना तिथे गेली. सुमारे 1,200 भारतीय जवानांनी तिथे प्राण गमावले. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं ते याच मोहिमेतल्या पराक्रमासाठी. भारताच्या पाठिंब्यावर ईशान्य प्रांतात वरदराज पेरुमल यांचं सरकार बसलं. मार्च 1990 मध्ये शांतिसेनेच्या शेवटच्या तुकड्या निघत असताना पेरुमल यांनी स्वतंत्र ईलमची घोषणा केली आणि ते भारतात निघून आले. त्या भागाचा ताबा एलटीटीईनं घेतला. इथे तर कोलंबोचं तेव्हाचं सरकार आणि एलटीटीई, दोघांनाही शांतिसेना नकोच होती. घनींना निदान एकच शत्रू होता.

आता प्रश्न सोमालियाचा

आफ्रिकी संघाच्या फौजा 2007 पासून मोगादिशूतल्या सरकारला सांभाळत आहेत. मोहिमेचं नाव दोनदा बदललं. जानेवारी 2025 पासून तिसरी मोहीम सुरू झाली, सुमारे 12 हजारांची. समोर अल-शबाब आहे. मोगादिशूचं काबूल होईल का, असं वारंवार विचारलं जातं.

मला ते इतकं सरळ वाटत नाही. तिथे पाठीराखा एक नाही. तुर्कस्तानचा मोठा प्रशिक्षण तळ मोगादिशूत आहे, अमेरिकेनं ‘दानब’ ही कमांडो तुकडी घडवली आहे, शेजारच्या देशांना आपापल्या सीमेची काळजी आहे. एकानं हात काढला तर सगळंच एका रात्रीत बंद पडत नाही. शिवाय मध्य सोमालियात काही कुळांचे लोक अल-शबाबच्या जाचाला कंटाळून स्वतःच शस्त्र घेऊन उठले. त्यांना लढायला मोगादिशूच्या आदेशाची गरज पडली नाही.

चिंता आहे ती पैशाची. नव्या मोहिमेचा खर्च मुख्यतः संयुक्त राष्ट्रांच्या नियमित वर्गणीतून व्हावा, असा प्रस्ताव होता. अमेरिकेनं त्याला विरोध केला आणि मोहीम सुरू झाली तीच पैशांची तोंडमिळवणी न होता. त्यामुळे मोगादिशूची बातमी येईल तेव्हा किती सैनिक परतले, हा आकडा मी नंतर वाचेन. आधी पाहीन ते त्या महिन्याचे पगार आणि डिझेल यांचे पैसे आले की नाही.