करारापूर्वीचे चौदा दिवस

वडील नुकतेच निवृत्त झालेले असतात. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची रक्कम बँकेत पडून असते आणि मुलाच्या नोकरीचे काही खरे नसते. अशा वेळी घरात एक गुळगुळीत, रंगीत माहितीपुस्तिका येते. चहाचे दुकान, शिकवणी वर्ग, बालवाडी, नाहीतर पिझ्झाचे दुकान. नाव कंपनीचे, जागा, भांडवल आणि कष्ट आपले. ‘फ्रँचायझी’ म्हणजे काय, हे आता मराठी घरात समजावून सांगावे लागत नाही. सांगावे लागते ते एवढेच, की त्या पुस्तिकेत जे छापलेले असते, त्यापेक्षा जे छापलेले नसते ते अधिक महत्त्वाचे असते.

अमेरिकेला हे शहाणपण ठेच लागल्यावर आले. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे अशा साखळी-दुकानांचे पेव फुटले आणि भुलून पैसे गुंतवणारे अनेकजण बुडाले. १९७० साली कॅलिफोर्निया राज्याने पहिला कायदा केला. १९७८ मध्ये तेथील केंद्रीय व्यापार आयोगाने सर्व देशासाठी नियम केला आणि २००७ मध्ये त्यात सुधारणा केली. या नियमानुसार करारावर सही होण्यापूर्वी किंवा पैसे घेण्यापूर्वी किमान १४ दिवस कंपनीने ग्राहकाच्या हाती एक प्रकटन-दस्तऐवज द्यावा लागतो. त्यात २३ कलमे असतात.

या दस्तऐवजाची शेकडो पाने पाहून सामान्य माणूस गांगरतो. परंतु मोजक्या कलमांतच सारे मर्म असते. तिसऱ्या कलमात कंपनीवरील खटले आणि चौथ्यात दिवाळखोरीचा इतिहास. पाचव्या ते सातव्या कलमांत पैशांचा हिशेब: प्रवेशशुल्क किती, रॉयल्टी किती, दुकान उभे करायला एकूण खर्च किती. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रॉयल्टी बहुधा नफ्यावर नव्हे, विक्रीवर आकारली जाते. समजा, महिन्याची विक्री ५ लाखांची आणि रॉयल्टी व जाहिरातनिधी मिळून ८ टक्के. तर दुकान तोट्यात असले तरी ४० हजार रुपये द्यावेच लागतात. बाराव्या कलमात आपल्या दुकानाशेजारी कंपनी दुसरे दुकान काढू शकते का, याचे उत्तर असते. करार कसा संपतो, हे सतराव्यात.

सर्वांत बोलके कलम विसावे. गेल्या तीन वर्षांत किती दुकाने उघडली, किती बंद झाली, किती हस्तांतरित झाली, याचा तक्ता तेथे असतो. शिवाय गेल्या वर्षी ज्यांनी साखळी सोडली, त्यांची नावे आणि संपर्कही. लग्न जमवताना आपण मुलाच्या आतेमामांकडे चौकशी करतो, तशीच ही चौकशी. सोडून गेलेला माणूस जे सांगेल, ते विक्री-प्रतिनिधी कधीच सांगणार नाही. एकोणिसावे कलम कमाईचे. पण कमाईचे आकडे देण्याची कंपनीवर सक्ती नाही. मात्र द्यायचे तर ते येथेच, आधारासह द्यावे लागतात. म्हणून दस्तऐवजात नसलेला आकडा कोणी तोंडी सांगू लागला, की सावध व्हावे. शेवटी हेही खरे, की सरकार ही माहिती तपासून तिच्या खरेपणाची हमी देत नाही. ते फक्त ती उघड करायला लावते.

आपल्याकडे काय? हा नियम अमेरिकेतील दुकानांपुरताच आहे आणि भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र प्रकटन-कायदा नाही. आपला आधार १८७२ चा करार कायदा. त्याच्या १७ व्या कलमाचे स्पष्टीकरण असे, की बोलण्याचे कर्तव्य नसताना नुसते गप्प राहणे ही फसवणूक ठरत नाही. १९ वे कलम आणखी पुढे जाते: साधी दक्षता घेऊन सत्य समजण्याजोगे असेल आणि आपण ती घेतली नसेल, तर कपटी मौनाची किंवा चुकीच्या माहितीची सबब सांगूनही करार रद्द करून घेता येत नाही. म्हणजे अमेरिकेत जे सांगणे कंपनीवर बंधनकारक, ते येथे ग्राहकाने विचारून काढायचे.

मग उपाय सरळ आहे. तेच प्रश्न आपण विचारावेत, आणि लेखी विचारावेत. गेल्या तीन वर्षांत किती दुकाने बंद पडली? सोडून गेलेल्यांचे पत्ते द्याल का? माल तुमच्याकडूनच, तुमच्याच भावाने घ्यावा लागेल का? करार मोडल्यास अनामत परत मिळेल का? गप्प राहिलेल्या कंपनीला न्यायालयात पकडणे कठीण. लेखी खोटे उत्तर दिलेल्या कंपनीला पकडणे त्यामानाने सोपे. उत्तर आलेच नाही, तर तेही एक उत्तरच समजावे. पुढची पायरी वकील आणि सनदी लेखापाल. त्यांची फी आयुष्यभराच्या पुंजीपुढे किरकोळच असते.

‘आजच सही करा, उद्या हे क्षेत्र दुसऱ्याला जाईल,’ असे सांगणारा भेटला, तर त्याला चौदा दिवस मागावेत. कायद्याने दिले नाहीत, तरी ते घेण्यापासून आपल्याला कोणी अडवलेले नाही.